बोअर ओके आहे म्हणजे नक्की काय: सीएनसी शॉपमधलं इन्स्पेक्शन

एक साधा बुश घेऊ, म्हणजे शाफ्टवर बसणारी पोकळ नळी. ईएन ८ स्टीलचा, लांबी ४० मिमी, बाहेरचा व्यास ३२ स्मॉल एच ६, आतला बोअर (भोक) २५ कॅपिटल एच ७, मध्यभागी ४ मिमीचं ऑइल होल. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीतल्या टर्निंग शॉपमध्ये असे बुश रोज शेकड्यांनी निघतात. स्मॉल एच ६, कॅपिटल एच ७ ही माप किती हललेलं चालेल याची, म्हणजे टॉलरन्सची, ठरलेली खूण: बाहेरचा व्यास ३१.९८४ ते ३२.०००, म्हणजे १६ मायक्रॉनची (मिमीचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) जागा. बोअर २५.००० ते २५.०२१, म्हणजे २१ मायक्रॉन. लाइन इन्स्पेक्टरची अख्खी शिफ्ट या दोन आकड्यांभोवती फिरते. लांबी, चेंफर (कडेचा तिरका काप) वगैरेला सहसा फारशी डोकेदुखी नसते.

आल्या आल्या पहिलं काम ड्रॉइंगचं. मशीनवर लावलेल्या ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर आणि कंट्रोल प्लॅनमधला (काय, कशाने, कधी मोजायचं त्या तक्त्यातला) रिव्हिजन नंबर जुळतो का ते बघायचं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या पार्टमध्ये कस्टमर कधीतरी एखादा चेंफर बदलतो. बदल ऑफिसात येतो, फाइलला लागतो आणि मशीनवर तेलाने पिवळा पडलेला जुनाच कागद राहतो. मग तंतोतंत मापात असलेला पीसही चुकीचा ठरतो.

नंतर उपकरणं. बोअरला मायक्रॉनमध्ये वाचणारा डायल बोअर गेज, बाहेरच्या व्यासाला २५–५० चा मायक्रोमीटर, लांबीला डिजिटल व्हर्नियर. टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकं तरी बारीक उपकरणाने वाचता आलं पाहिजे, हा जुना नियम अजून चांगला आहे. १६ मायक्रॉनच्या व्यासाला ०.०१ मिमीचा व्हर्नियर लावणाऱ्याचं रीडिंग वहीत लिहिण्याच्याही लायकीचं नसतं. व्हर्नियरच्या जबड्याची पट्टी आणि मोजायची जागा एका रेषेत नसते. अंगठा जरा जोरात दाबला की जबडा तिरका होतो आणि आकडा बदलतो. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि जॉब एका रेषेत येतात, म्हणून तो जास्त भरवशाचा. तरी रॅचेट वापरायचा, ड्रम धरून पिळायचा नाही.

कॅलिब्रेशनचा स्टिकर तारखेत असला म्हणजे उपकरण बरोबर आहे असं धरून चालत नाहीत. मायक्रोमीटर सकाळी खाली पडला असेल तर गेल्या महिन्याचा स्टिकर काय करणार? २५–५० च्या मायक्रोमीटरबरोबर २५ ची सेटिंग रॉड येते. अॅन्विल पुसून तिच्यावर शून्य बघायचं, दर शिफ्टला. स्लिप गेजवर (अचूक जाडीच्या ठोकळ्यांवर) तपासताना ५, १०, १५ अशी पूर्ण मापं घेणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. स्क्रूचा पिच अर्धा मिमीचा असतो, त्यामुळे पूर्ण मापाला ड्रम दर वेळी त्याच कोनात थांबतो आणि एका फेऱ्याच्या आत स्क्रूमध्ये काही दोष असेल तर तो कधीच दिसत नाही. म्हणून ० ते २५ च्या मायक्रोमीटरला २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ अशी वाकडी दिसणारी मापं घेतात, म्हणजे ड्रमचा प्रत्येक कोन तपासला जातो.

फर्स्ट पीस अप्रूव्हल फक्त शिफ्टच्या सुरुवातीला करायचं नसतं. सेटिंग बदललं, इन्सर्टचा (टूलवरच्या कापणाऱ्या तुकड्याचा) कोपरा फिरवला, टूल तुटलं, मशीन ब्रेकडाउनमधून उठलं, लाइट जाऊन आली, प्रोग्रॅममध्ये काही हात लावला, की पुन्हा फर्स्ट पीस. रात्री थंड पडलेल्या मशीनचा सकाळचा अगदी पहिला पीस खरं चित्र दाखवत नाही. स्पिंडल आणि बॉलस्क्रू तापेपर्यंत माप सरकत राहतं. वॉर्मअप करून दोन-तीन पीस झाले की मग घ्यायचा. सेटर (मशीन लावून देणारा) घाई करणार, कारण अप्रूव्हलची सही होईपर्यंत मशीन उभं असतं आणि ते उभं असल्याचं सुपरवायझरला लांबूनही दिसतं. अप्रूव्हलला ड्रॉइंगवरची सगळी मापं घ्यायची. नेहमी बिघडणारी चारच घ्यायची नाहीत. राहिलेलं एखादं चेंफर पुढच्या ऑपरेशनला सापडतं, तोवर ट्रॉली भरलेली असते.

आता बोअर. डायल बोअर गेज आधी मास्टर रिंगवर शून्य करायचा. रिंग २५.०१० ची असेल तर काट्याचं शून्य म्हणजे २५.०१०. नव्या मुलांचा इथे हमखास घोळ होतो: भोक लहान असेल तर प्लंजर जास्त दाबला जातो आणि काटा घड्याळाच्या दिशेने पुढे जातो. म्हणजे काटा पुढे गेला तर माप कमी, मागे आला तर माप जास्त. मायक्रोमीटरची सवय असलेला माणूस नेमकं उलटं लिहितो. ते सेटरने ऐकून ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) दिला की पुढचा पीस दुप्पट चुकीचा. गेज बोअरमध्ये घातला की दांडा पुढे-मागे डुलवायचा आणि काटा जिथून उलटा फिरतो तो आकडा घ्यायचा. तेच सर्वांत कमी अंतर, म्हणजे खरा व्यास. वर, मध्ये, खाली अशा तीन जागा आणि प्रत्येक ठिकाणी ९० अंशांत दोन, म्हणजे सहा रीडिंग. वरचं आणि खालचं वेगळं आलं तर टेपर. ९० अंशांत फरक आला तर ओव्हॅलिटी.

तापमानाकडे लोक दुर्लक्ष तरी करतात, नाहीतर त्याचा नको तेवढा बाऊ करतात. स्टील दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. २५ मिमीच्या बोअरला १० अंशांचा फरक म्हणजे जेमतेम ३ मायक्रॉन. कूलंट बंद पडून पीस ३० अंशांनी तापला असेल तर साडेआठ. २१ पैकी साडेआठ ही थट्टा नाही. आणि तापल्यावर भोकही मोठंच होतं, आत आकसत नाही. त्यामुळे गरम पीसचा बोअर वरच्या मर्यादेला ओके दिसला तर थंड झाल्यावर तो आणखी आत येतो आणि काळजी मिटते. खालच्या मर्यादेला ओके दिसला तर मात्र थंड झाल्यावर एनजी (नापास). मापाचं अधिकृत तापमान २० अंश आहे, पण मे महिन्यात शॉपमध्ये ३८ असलं म्हणून मोजणं थांबत नाही. पीस स्टीलचा, मास्टर स्टीलचा, दोन्ही एकाच टेबलावर पुरेसा वेळ पडून एकाच तापमानाला आलेले असतील तर चूक दोन्हीकडे सारखी होऊन निघून जाते. अॅल्युमिनियमला हा हिशोब लागू नाही. ते स्टीलच्या जवळजवळ दुप्पट वाढतं.

या बुशात माणसाला खरोखर चकवणारी गोष्ट वेगळीच आहे. बोअर गेजवर सहाही रीडिंग २५.००८ च्या आसपास, टेपर नाही, ओव्हॅलिटी नाही, आणि तरीही २५ चा गो प्लग (भोकात जायलाच हवा असा तपासणीचा दंडगोल) जात नाही. ऑपरेटर म्हणतो गेज खराब, इन्स्पेक्टर म्हणतो प्लगमध्ये गडबड. दोन्ही बरोबर असतात, बोअर गोल नसतो. बुशाची भिंत साडेतीन मिमीची. तीन जॉच्या चकने (पीस धरणाऱ्या तीन जबड्यांच्या पकडीने) तो जोरात आवळला की तीन ठिकाणी आत दबतो. त्या अवस्थेत बोरिंग टूल आत अगदी गोल भोक करतं. चक सुटला की भिंत परत मूळ जागी येते आणि गोल भोक तीन कोपऱ्यांचं होतं. या आकाराची खोड अशी की एका बाजूला फुगवटा असेल तर बरोबर समोर खोलगट भाग येतो. म्हणून दोन टोकांनी मोजणारं कुठलंही उपकरण फिरवत राहा, व्यास सगळीकडे सारखाच दाखवणार. प्लग मात्र तिन्ही बाजूंनी एकदम टेकतो, म्हणून अडतो.

हे पकडायला तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर लागतो. तो नसेल तर एक साधी खात्री करता येते: पीस चकमध्ये असतानाच बोअरला डायल लावायचा, आवळलेल्या अवस्थेत फिरवून बघायचा, मग प्रेशर कमी करून पुन्हा फिरवायचा. आधी स्थिर असलेला काटा एका फेऱ्यात तीनदा पुढे-मागे झाला की निदान झालं. उपाय सेटरच्या हातात आहे. सॉफ्ट जॉ बुशाच्या बाहेरच्या व्यासाला बोअर करून घ्यायचे, म्हणजे पकड तीन रेषांऐवजी जवळजवळ पूर्ण परिघावर येते. फिनिश कटच्या आधी चकचं प्रेशर उतरवायचं. शक्य असेल तर कोलेटवर घ्यायचं. ऑफसेट देऊन बोअर मोठा करणं हा यावरचा उपाय नाही. त्याने प्लग जाईल, पण असेंब्लीत शाफ्ट तीन रेषांवरच टेकेल आणि लवकर झिजेल.

प्लग कुठे अडतो यावरूनही बरंच कळतं. तोंडाशीच अडला तर चेंफरवरची बर (कापताना राहिलेली धारदार कडा) किंवा बोअर लहान. अर्ध्यात अडला तर ऑइल होलची बर आत आलेली. पूर्ण लांबीभर कडक जातो तर माप खालच्या मर्यादेला आलेलं किंवा वरचा तीन कोपऱ्यांचा आजार. प्लग स्वतःच्या वजनाने जायला हवा, ठोकून किंवा फिरवत दाबून घातलेला गो म्हणजे नो-गो समजावा. आणि गो टोकच जास्त झिजतं, कारण प्रत्येक चांगल्या पीसमध्ये जाऊन येतं तेच. झिजला की तो लहान भोकही पास करायला लागतो. नो-गो (जायला नको असं मोठ्या मापाचं टोक) सहसा कुठे जातच नाही, म्हणून वर्षानुवर्षं नवा राहतो. शॉपमधला प्लग चकाचक दिसतो की नाही यावर न जाता त्याच्या कॅलिब्रेशनचा आकडा वाचावा.

शिफ्ट सुरू झाली की दर तासाला पाच सलग पीस. ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा, ट्रॉलीतून निवडून काढलेले पाच चालत नाहीत. समजा २५.००० च्या वर मायक्रॉनमध्ये रीडिंग आली ९, ११, १०, १२, ८. सरासरी १०, रेंज ४. हे एक्स-बार आर चार्टवर (सरासरी आणि रेंजच्या आलेखावर) टाकायचं. ही कल्पना वॉल्टर शूहार्टने १९२४ साली अमेरिकेत मांडली, आणि शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे ती बहुतेक ठिकाणी ऑडिटच्या आदल्या रात्री वापरतात. सरासरी रेंज ४ च राहिली तर पाचाच्या गटाचा गुणक २.३२६ ने भागून सिग्मा (रीडिंग किती पसरतात त्याचं माप) येतो १.७२. त्याच्या सहापट सुमारे १०.३, टॉलरन्स २१, म्हणजे सीपी (टॉलरन्स भागिले हा सहापट पसारा) २.०३. मशीन उत्तम. पण बोरिंग इन्सर्ट झिजत गेला की बोअर लहान होत जातो. सरासरी ६ वर उतरली की सीपीके (जवळच्या मर्यादेपर्यंतचं अंतर भागिले तीन सिग्मा) १.१६ होतो. मशीन तेच, रेंज तीच, पण कस्टमरला लागणाऱ्या १.३३ च्या खाली गेलो. एकही पीस एनजी झालेला नाही, ऑफसेट द्यायची वेळ मात्र झालेली आहे, आणि हे फक्त चार्ट सांगतो. बाहेरच्या व्यासाचं उलटं: टूल झिजलं की तो वाढतो. म्हणून अनुभवी ऑपरेटर नव्या इन्सर्टवर बोअर थोडा वर आणि बाहेरचा व्यास थोडा खाली ठेवतो, झिजायला जागा राहावी म्हणून. ऑफसेट देताना मात्र एकाच पीसवर विसंबू नये. रीडिंगमधला नैसर्गिक चढउतार बघून दर पीसला ऑफसेट देत बसणारा ऑपरेटर रेंज वाढवून ठेवतो.

११ वाजताच्या तपासणीला पीस एनजी निघाला तर खरं काम तेव्हा सुरू होतं. १० वाजताचे पाच ओके होते. सायकल टाइम ९० सेकंद असेल तर मधल्या तासात ४० पीस झाले, त्यातला कुठून पुढचा बिघडला ते माहीत नाही. ते सगळे ४० बाजूला, पिवळा टॅग, शंभर टक्के तपासणी. यात कच्चा दुवा असतो तो म्हणजे चाळीसातले काही एव्हाना वॉशिंगला गेलेले असतात, काही डीबरिंगच्या टेबलावर, दोन-चार कुणीतरी सॅम्पल म्हणून स्टँडर्ड रूममध्ये नेलेले. ४० चा हिशोब जुळेपर्यंत लॉट सोडायचा नाही. १० चा रिपोर्ट कुणी न मोजता भरला असेल तर संशयाची रेषा ९ पर्यंत, कदाचित मागच्या शिफ्टपर्यंत जाते. तासाच्या रिपोर्टची किंमत तेव्हा कळते.

न मोजता भरलेला रिपोर्ट ओळखायला फार हुशारी लागत नाही. पाचही रीडिंग २५.०१०, आठही तास, एकाच पेनाने, एकाच दाबाने. खरी रीडिंग हलतात. दुसरा प्रकार जास्त सूक्ष्म: महिन्याभराची रीडिंग आलेखावर मांडली तर २५.०२१ वर ढीग दिसतो आणि २५.०२२, २५.०२३ वर एकही नाही. असं कुठलंही मशीन पीस काढत नाही. सीमेवरचा पीस दिसला की हात गेज पुन्हा डुलवतो, आणि हवा तो आकडा येईपर्यंत डुलवतो. यात बदमाशी कमी, दबाव जास्त. बाजूला ऑपरेटर उभा असतो, “भाऊ, दोनच मायक्रॉन आहे, जाऊ द्या की.” त्याचंही खरं आहे, दोन मायक्रॉनने बहुधा काही होणार नाही. पण ते ठरवणं इन्स्पेक्टरचं काम नाही. त्यासाठी डेव्हिएशन असतं: कस्टमरची लेखी परवानगी, ठरावीक नगांना, ठरावीक तारखेपर्यंत. ती येईपर्यंत पीस होल्डवर. तोंडी “सोडून द्या, मी बघतो” म्हणणारा वरिष्ठ पुढे तक्रार आल्यावर सही कुणाची होती तेच विचारतो.

दोन इन्स्पेक्टरांची रीडिंग जुळत नसतील तर भांडण्याऐवजी गेज आर अँड आर (मोजण्यातलाच फरक किती ते बघणारी चाचणी) करावं. दहा पीस, तीन माणसं, तीन फेऱ्या, नव्वद रीडिंग, पीसचे नंबर झाकून. एकूण फरकातला मोजमापाचा वाटा दहा टक्क्यांच्या आत आला तर चांगलं, तीसच्या वर गेला तर ती पद्धत वापरण्यालायक नाही. पीस निवडताना मात्र दहाही एकाच तासातले घेऊ नयेत. सगळे सारखेच असतील तर दिसणारा फरक गेजचाच असणार आणि चांगला गेजही नापास होईल. वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या इन्सर्टवरचे घ्यावेत.

डोळ्यांनी करायच्या तपासणीला कमी लेखू नये. कस्टमरच्या तक्रारी मायक्रॉनपेक्षा बर, डेंट, गंज आणि राहून गेलेल्या ऑपरेशनच्या जास्त असतात. ऑइल होल मारायचंच राहिलेला बुश बोअर गेजवर सुंदर ओके येतो. त्याला माणूस ठेवण्यापेक्षा पुढच्या फिक्स्चरमध्ये होलात बसणारी पिन द्यावी, होल नसेल तर पीस बसणारच नाही. सहाव्या तासाला डोळा होल नसलेल्या जागी होल बघतो, पिन बघत नाही.

शेवटी डिस्पॅचपूर्वीचं सॅम्पलिंग. ५०० चा लॉट, सामान्य पातळी दोन (तपासणीची नेहमीची पातळी), एक्यूएल (चालवून घ्यायच्या खराबीची टक्केवारी) १.०: तक्ता सांगतो ५० तपासा, एक एनजी निघाला तरी स्वीकारा, दोन निघाले तर परत. लोकांना वाटतं याने एक टक्क्यावरचा माल अडतो. हिशोब करून बघा. लॉटमध्ये दोन टक्के, म्हणजे दहा पीस खराब असतील तरी तो शंभरातले सुमारे ७४ वेळा पास होतो. म्हणून वाहन उद्योगातले कस्टमर शून्य एनजी हीच अट घालतात. त्याने तक्त्याचं गणित जादूने बदलत नाही, दोन टक्के खराबवाला लॉट तरीही शंभरातले पस्तीसेक वेळा निसटतो. सॅम्पलिंगवर मदार ठेवता येते ती लाइनवरचे चार्ट खरे असतील तरच.

आणि तरी तक्रार आली, तर कस्टमरकडे सॉर्टिंगला माणूस पाठवण्याबरोबरच आणखी एक काम त्याच दिवशी उरकून घ्यावं. त्याच लॉटमधल्या पाच पिसांवर नंबर टाकायचे, कोनाची खूण करायची, बोअरच्या तोंडापासून १० आणि ३० मिमीवर आपल्याकडे मोजायचं. तेच पाच पीस, त्याच खुणांवर, कस्टमरच्या गेजवर त्यांच्या इन्स्पेक्टरसमोर मोजायचे. दोन्हीकडच्या रीडिंगमध्ये सगळीकडे सारखाच तीन-चार मायक्रॉनचा फरक असेल तर मास्टर रिंगांपैकी एक चुकीची आहे, दोन्ही रिंगा एकाच लॅबला पाठवाव्यात. फरक पिसागणिक बदलत असेल तर कुणाची तरी मोजायची पद्धत चुकते आहे. आणि दोन्हीकडे रीडिंग जुळूनही त्यांचा प्लग जात नसेल, तर आपल्या शॉपमधल्या चकचं प्रेशर किती आहे ते फोन करून विचारावं.